पोचपावतीची वाट

“जुनं होतं तेव्हा चालत तरी होतं की, सर.”

मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या टेक्निशियन बाई हे बोलल्या तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी विसरून गेलो असतो. नुसता थकवा होता. हातात नुकतीच लिहिलेली सीडी, तिच्यावर स्केच पेनानं पेशंटचं नाव, आणि ती घेऊन जिन्यानं वर पळायला तयार असलेला वॉर्डबॉय. दुसऱ्या मजल्यावर हाडांच्या ओपीडीत डॉक्टरांच्या पडद्यावर पेशंटचं नाव येत होतं, वय येत होतं, तपासणीची तारीख येत होती. फोटोच्या जागी मात्र एक चक्र गोल गोल फिरत राहायचं आणि शेवटी काळा चौकोन उरायचा. शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तोच फोटो कधी उघडायचा, कधी नाही. आत एसीचा गारठा, बाहेरच्या बाकांवर स्पिरिटचा आणि ओल्या छत्र्यांचा वास, आणि नेटवर्कचं काम करणारा मी मांडीवर लॅपटॉप घेऊन पिंग मारत, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या यंत्राला नुसती हाक घालून ओ येते का ते बघत, बसलेलो. पिंग व्यवस्थित जात होतं. एकही पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटं पाकीट, गळत नव्हतं. जिथं जायला हवं तिथं पोचत होतं, परत येत होतं, आणि तरी फोटो दिसत नव्हता.

रुग्णालयातलं नेटवर्क पूर्वी एकसंध होतं. केस पेपरचा काउंटर, लॅब, औषधाचं दुकान, सीटीचं मशीन, कॅमेरे, डॉक्टरांच्या खोल्या, सगळे एकाच पत्त्यांच्या मालिकेत, आणि सगळ्यांचा गेटवे, म्हणजे बाहेर पडायचं दार, ही इंटरनेटच्या तोंडाशी बसलेली, येणाऱ्याजाणाऱ्याला तपासणारी फायरवॉल. मग कुणीतरी शहाणपणानं ठरवलं की विभाग वेगळे करायचे. प्रत्येक विभागाला एक व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवर वेगळं पाडलेलं नेटवर्क. नवा कोअर स्विच, म्हणजे सगळ्या तारा जिथं एकत्र येतात ती मधली पेटी, आला, एका व्हीलॅनमधून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये स्वतःच वाट काढून देणारा, लेयर थ्रीचा. सीटी आणि फोटो साठवणारा पॅक्सचा सर्व्हर नव्या व्हीलॅनमध्ये गेले. ओपीडीतले कॉम्प्युटर आणि पेशंटची माहिती ठेवणारा सर्व्हर जुन्याच व्हीलॅनमध्ये राहिले, गेटवेही जुनाच, म्हणजे फायरवॉलचा. स्विचलाही त्या जुन्या व्हीलॅनमध्ये एक पत्ता दिला गेला, आणि फायरवॉलवर एक ओळ लिहिली गेली: नव्या व्हीलॅनकडे जायचं असेल तर स्विचकडे द्या. कागदावर पाहिलं तर कुठंही खोट दिसत नाही. एकाच दालनाला दोन दारं झाली होती एवढंच.

ही दोन दारांची गोष्ट मला समजते ती माझ्या वडिलांमुळे. ते आर.एम.एस.मध्ये होते, रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये. मिरज जंक्शनला रात्रीच्या गाड्यांतून पोत्यानं टपाल उतरायचं, आणि फलाटाच्या कडेच्या त्या लांबट खोलीत पिवळ्या दिव्याखाली वर्गीकरण चालायचं. मी शाळेत असताना कधी कधी डबा द्यायला जायचो. तागाच्या पोत्यांचा, लाखेचा आणि शाईचा मिळून एक वास असायचा तिथं, तो मला अजून ओळखता येईल. साधं टपाल लाकडी खणांत जायचं. वडील पत्त्याकडे बघायचेसुद्धा नाहीत असं वाटायचं, नजर फक्त पिनकोडवर आणि हात खणाकडे. पहिला आकडा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा. १५ ऑगस्ट १९७२ ला हा सहा आकड्यांचा पिनकोड देशात सुरू झाला, तो ज्यांच्या डोक्यातून आला ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते. वडिलांना याचा फार अभिमान. “चार सोळा बघितलं की पुढचं नाव वाचायची गरजच नाही,” असं ते म्हणायचे. आत काय लिहिलंय, कोण कुणाला लिहितंय, याच्याशी त्या हातांना काही देणंघेणं नसायचं. म्हणूनच ते इतके वेगानं चालायचे.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाळीमागे रजिस्टरचं टेबल होतं. तिथला कारभार संथ. प्रत्येक पाकिटाला क्रमांक, वहीत नोंद, कुणी दिलं, कुणाला जाणार, कोणत्या पोत्यातून रवाना झालं. आणि ए.डी. असेल तर पोचपावती परत येईपर्यंत ते प्रकरण उघडंच. पावती ज्या वाटेनं यायला हवी त्याच वाटेनं आली तर नोंद पुरी. कुणी भल्या मनानं ती पावती परस्पर पाठवणाऱ्याच्या हातात नेऊन दिली, तर त्याचं काम झालं, पण वही तशीच उघडी राहिली. मग पुढच्या वेळी तोच माणूस त्याच प्रकरणाचा पुढचा कागद घेऊन खिडकीवर आला की टेबलामागचा कारकून म्हणणार, तुमची आधीची पावती कुठंय? माझ्या वहीत तर नाही.

स्विच म्हणजे ते खण आणि फायरवॉल म्हणजे ती वही, हे मला अनेक वर्षं हे काम केल्यावर एका रात्री उमगलं आणि तेव्हापासून मी दुसऱ्या कुठल्याही पद्धतीनं याचा विचार करू शकत नाही. स्विच पत्ता बघून पॅकेट पुढं ढकलतो, तेही त्याच्या पोटातल्या खास चिपमध्ये, इतक्या वेगानं की वाटेत तो आहे हे जाणवूही नये. फायरवॉल संवाद लक्षात ठेवते. पूर्वीच्या गाळण्यांना प्रत्येक पॅकेट सुटंसुटं दिसायचं. संवादाची स्थिती वहीत मांडून ठेवण्याची पद्धत इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीनं १९९० च्या दशकात बाजारात रुजवली, आणि आज कुठलीही फायरवॉल घ्या, तिच्या गाभ्याशी तीच वही असते. कॉम्प्युटर ‘बोलू का’ म्हणतो, त्याला सिन म्हणतात. समोरून ‘बोल, ऐकतोय’ येतं, ते सिन-अ‍ॅक. मग हा ‘बरं’ म्हणतो, अ‍ॅक. या तिन्हींची नोंद झाली की मगच पुढचं बोलणं रीतसर.

त्या ओपीडीत काय घडत होतं ते पॅकेट कॅप्चरमध्ये, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या पॅकेटांच्या नोंदीत, स्वच्छ दिसलं. डॉक्टरांचा कॉम्प्युटर ‘बोलू का’ हे गेटवेकडे, म्हणजे फायरवॉलकडे द्यायचा. फायरवॉल वहीत नोंद करून ते स्विचकडे सोपवायची, स्विच ते पॅक्सला पोचवायचा. पॅक्सचं उत्तर स्विचकडे यायचं, आणि स्विचचा स्वतःचा पाय त्या जुन्या व्हीलॅनमध्ये असल्यामुळे तो ते फायरवॉलला न विचारता थेट डॉक्टरांच्या कॉम्प्युटरच्या हातात द्यायचा. कॉम्प्युटर खूश. तो ‘बरं’ म्हणून पुढचं बोलणं सुरू करायचा, पुन्हा फायरवॉलमार्गे, आणि फायरवॉल वही उघडून बघायची तर तिथं उत्तराची नोंदच नाही. ‘ऐकतोय’ असं कुणी म्हटल्याचं तिला माहीत नाही आणि हा माणूस मधूनच बोलायला लागलाय. ती ते पॅकेट टाकून द्यायची. पिंगचं मात्र बरं चालायचं, कारण त्यात तीन पायऱ्या नाहीत. नुसती हाक जायची, आणि ओ परस्पर यायची. पेशंटचं नाव ज्या सर्व्हरवरून यायचं तो त्याच व्हीलॅनमध्ये, त्याला गेटवेची गरजच नव्हती. आणि काही कॉम्प्युटरवर मधूनच फोटो उघडत होता, कारण अशा वेळी फायरवॉल ‘अरे, तिकडे जायला स्विच जवळ आहे’ असा निरोपही धाडते. जो कॉम्प्युटर तो निरोप मानतो त्याचं थोडा वेळ चालतं. निरोपाची मुदत संपली की पुन्हा चक्र.

फायरवॉलचं वागणं बरोबर होतं. स्विचचंही.

अशा बिघाडांबद्दल मला एक वेगळीच हळहळ वाटते. एखादी वायर तुटली, एखादा पोर्ट जळाला की दोष दाखवता येतो, बदलता येतो. इथं दोघंही आपापलं काम निष्ठेनं करत होते आणि दोघांच्या मध्ये एक वॉर्डबॉय जिने चढत होता. फोटोला जी वाट नव्हती ती त्याच्या पायांनी काढली होती. दवाखान्यात, बँकेत, कचेरीत जिथं जिथं यंत्रांचं एकमेकांशी जमत नाही तिथं शेवटी कुणीतरी असाच चालत जातो, आणि त्याच्या चालण्यामुळे काम होत राहतं, म्हणून बिघाड वरच्यांना दिसत नाही. बाईंनी ते बोलून दाखवलं नसतं तर आणखी बरेच दिवस ते तसंच चाललं असतं.

दुरुस्ती सरळ होती. फायरवॉलचा पाय जुन्या व्हीलॅनमधून काढायचा. तिच्यात आणि स्विचमध्ये एक छोटी स्वतंत्र व्हीलॅन ठेवायची, जिच्यात या दोघांखेरीज कुणी राहत नाही. दोनच वापरता येणारे पत्ते असलेला तुकडा पुरतो. सगळ्या विभागांचा गेटवे स्विच, स्विचचा ठरलेला रस्ता फायरवॉलकडे, आणि फायरवॉलवर प्रत्येक विभागाकडे परत जाणारी ओळ. ही परतीची ओळ विसरली की पॅकेट बाहेर जातं आणि उत्तर दारात येऊन हरवतं. त्याशिवाय प्रत्येक विभागाचे पत्ते फायरवॉलच्या पत्तेबदलाच्या यादीत आणि ‘या दारातून कोण येऊ शकतं’ या यादीतही हवेत, नाहीतर ती त्यांना तोतया समजून हाकलते. ओपीडी बंद झाल्यावर हे केलं. डॉक्टरांच्या खोलीत जाऊन फोटो उघडला. गुडघ्याचा सांधा, पांढराशुभ्र, क्षणात.

बाई खूश झाल्या. मी झालो नाही. कारण ‘जुनं होतं तेव्हा चालत होतं’ या वाक्याला मी त्या संध्याकाळी दिलेलं उत्तर होतं: घ्या, आता पुन्हा चालतंय. आणि ते जुन्यासारखंच चालत होतं! विभाग वेगळे झाले, क्रमांक वेगळे झाले, पण एका विभागातून दुसऱ्यात जाणारं प्रत्येक पॅकेट आता खणांतून जात होतं, वहीत कशाचीही नोंद न होता. फायरवॉलला दिसत होतं ते फक्त इंटरनेटचं येणंजाणं. केस पेपरच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरात पेन ड्राइव्हमधून काही शिरलं असतं तर ते सीटीच्या मशीनपर्यंत तितक्याच सुखानं पोचलं असतं जितकं पूर्वी पोचलं असतं. व्हीलॅन पाडल्या म्हणजे सुरक्षा झाली असा एक समज आमच्या धंद्यात घट्ट आहे. व्हीलॅनमुळे एकाचा गलका दुसऱ्याच्या कानावर जात नाही, हे खरं. पण राउटिंग करणारा स्विच मध्ये बसवला आणि त्याला काही सांगितलं नाही, तर तो सगळ्यांना सगळीकडे पोचवतो. त्याचं कामच ते आहे.

आणि आतल्या आत पसरणं म्हणजे काय हे आपण पाहिलंय. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत घुसलं तेव्हा २३६ पैकी निदान ८० ट्रस्टना, म्हणजे रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांना, त्याची झळ बसली, हजारो पेशंटच्या वेळा रद्द झाल्या. ते एका कॉम्प्युटरवरून शेजारच्या कॉम्प्युटरवर फायली वाटून घेण्याच्या वाटेनं उड्या मारत गेलं, आणि ज्या खिडकीतून ते शिरत होतं ती बंद करणारा पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, मार्चमध्येच निघालेला होता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हे तसंच पसरणारं दुसरं आलं, युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून. त्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतलं त्यांच्या गटाचं टर्मिनलही ठप्प झालं. युक्रेनमधल्या हिशेबाचा आणि उरणच्या रस्त्यावर खोळंबलेल्या कंटेनर ट्रकचा काय संबंध? आतली वाट मोकळी होती, हाच. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं उभारावे लागले. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं, हातानं लिहिलेले केस पेपर, कागदावरचे रिपोर्ट, असे कित्येक दिवस. नंतर सरकारनं संसदेत दिलेल्या उत्तरात जे कारण सांगितलं ते मी अनेकदा वाचलं आहे: नेटवर्कची नीट विभागणी नव्हती. एवढ्या मोठ्या संस्थेचं एवढं मोठं दुखणं, आणि त्याचं कारण म्हणजे माझ्यासारखी माणसं रोज ज्या कामाला ‘बघू नंतर’ म्हणतात तेच काम.

म्हणून खरा प्रश्न त्या संध्याकाळनंतर सुरू झाला: कुणाचा गेटवे स्विचवर ठेवायचा आणि कुणाचा फायरवॉलवर न्यायचा? सगळेच फायरवॉलवर न्या, असं सांगणारे लोक आहेत. त्यांनी सीटीचा हिशेब करून बघावा. एक छेद म्हणजे ५१२ गुणिले ५१२ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे सुमारे अर्धा एमबी. हजार छेदांची तपासणी झाली की ५०० एमबी. एक गिगाबिटच्या वायरवर सगळं सुरळीत असताना याला चारेक सेकंद लागतात, आणि डॉक्टर तेवढं थांबतात. तेच सगळे ओपीडीतले डॉक्टर सकाळी अकरा वाजता एकदम मागायला लागले आणि फायरवॉल प्रत्येक बाइट उलगडून तपासायला लागली, तर तिचा दम लागतो. फायरवॉलच्या माहितीपत्रकात सगळ्यात वर छापलेला वेग हा काहीही न तपासतानाचा असतो. सगळ्या तपासण्या चालू केल्यावरचा आकडा खाली असतो आणि बराच लहान असतो. उलट, सगळंच स्विचवर ठेवा आणि तिथं परवानगीच्या याद्या लिहा, असं म्हणणारेही आहेत. त्या याद्यांना संवाद आठवत नाही. जाणाऱ्याला परवानगी लिहिली तर येणाऱ्याला वेगळी लिहावी लागते, आणि दोन वर्षांत त्या याद्या कुणालाच वाचता येत नाहीत.

माझा कौल असा पडला. सीटीचं मशीन दिवसभर फक्त पॅक्सशी आणि कामाची यादी देणाऱ्या एका सर्व्हरशी बोलतं. पत्ते ठरलेले, पोर्ट, म्हणजे बोलण्याच्या खिडक्यांचे क्रमांक, ठरलेले, वजन भरपूर. त्याला खणांतूनच जाऊ द्यावं, स्विचवर चार ओळींची कडक यादी लावून. माणसं जिथं बसतात, ई-मेल उघडतात, पेन ड्राइव्ह लावतात, त्या ओपीडी आणि काउंटरच्या व्हीलॅन मात्र फायरवॉलवर न्याव्या. मग डॉक्टरांनी फोटो मागितला की मागणी वहीतून जाईल, फोटोही वहीतूनच येईल. पॅक्सच्या दिशेनं प्रत्येक बाइट उलगडायचा नाही, पण कोण कुणाशी बोललं हे टिपायचं. यात एक गोष्ट काटेकोर पाळावी लागते. ज्या व्हीलॅनचा गेटवे फायरवॉलवर नेला, तिथला स्विचचा पत्ता काढून टाकायचा. ‘राहू दे, पिंग करायला बरा पडतो’ म्हणून तो ठेवला की दुसरं दार पुन्हा उघडलं. आणि पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडे मागणी पोचवण्याचं कामही तेव्हाच स्विचकडून फायरवॉलकडे द्यायचं, नाहीतर सकाळी काउंटरवरच्या कॉम्प्युटरना पत्ताच मिळत नाही आणि केस पेपरची रांग फाटकापर्यंत जाते.

वही सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्यात एक ओळ सापडली. सीटीचं मशीन रात्री उशिरा बाहेरच्या एका पत्त्याशी बोलत होतं. काळजाचा ठोका चुकला. चौकशी केली तेव्हा कळलं, ती मशीन बनवणाऱ्यांची देखभालीची वाट होती, करारात लिहिलेली, अगदी रीतसर. पण रुग्णालयात कुणालाही ती माहीत नव्हती, कारण ज्यांनी करार केला ते केव्हाच निवृत्त झाले होते. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून २०१३ मध्ये चार कोटी कार्डांची माहिती गेली ती वातानुकूलनाच्या एका कंत्राटदाराला दिलेल्या प्रवेशातून. त्यामुळे ‘रीतसर आहे’ एवढ्यावर मला थांबवेना. आता ती वाट देखभालवाल्यांनी फोन केला की उघडते आणि काम झालं की बंद होते. हे मी टेक्निशियन बाईंना दाखवलं. त्या बराच वेळ पडद्यावरच्या ओळी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझं मशीन कुणाशी बोलतंय ते आता कुणाला तरी माहीत आहे.” त्यांच्या पहिल्या वाक्याला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नव्हतं. जुनं चालत होतं. काय चाललंय ते मात्र कुणाला दिसत नव्हतं.

वहीचा शत्रू एकच, आणि तो बाहेरून येत नाही. कुठंतरी काही अडतं, फोन येतो, घाई असते, आणि कुणीतरी फायरवॉलवर सगळ्यात वर एक नियम लिहितो: कुणीही, कुणाकडेही, काहीही, जाऊ द्या. तात्पुरता. असे तात्पुरते नियम मी ठिकठिकाणी वर्षानुवर्षं जगलेले पाहिले आहेत, ज्यानं लिहिला तो नोकरी सोडून गेल्यावरही. वडिलांच्या टेबलावर अशी सोय नव्हती. घाई आहे म्हणून क्रमांकाशिवाय रजिस्टर स्वीकारणं त्यांना सुचलंही नसतं, आणि गाडी सुटत असतानाही ते वहीत लिहीत असलेले मी पाहिलेत. म्हणून इथल्या प्रत्येक नियमापुढच्या रकान्यात आम्ही आता कुणी मागितला, कशासाठी आणि कुठल्या तारखेपर्यंत हे मराठीत लिहितो, म्हणजे रात्रपाळीच्या माणसालाही वाचता यावं. तारीख उलटली की नियम आपोआप निकामी होतो. यावर कुरकुर होते. होऊ दे.

कॅमेरे अजून राहिलेत. ते अजूनही स्विचवरच आहेत, कुठलीही यादी न लावता, आणि त्यातल्या काहींचे पासवर्ड कारखान्यातून आले तेच आहेत. येत्या रविवारी रात्री त्यांचा गेटवे फायरवॉलवर जाईल. आयसीयूच्या सिस्टरना आणि दारावरच्या मामांना आधीच सांगून ठेवलंय की पंधरा-वीस मिनिटं पडदे काळे होतील, तेवढा वेळ मागच्या फाटकाशी एक माणूस जास्तीचा उभा करा.